धनियाचं छप्पर

सुत्तनिपातात धनिय नावाच्या एका गवळ्याचं सुत्त आहे. मही नदीच्या काठी त्याची झोपडी. पावसाळा तोंडावर आलाय आणि गड्याची सगळी तयारी झालीय. भात शिजलाय, गाईंच्या धारा काढून झाल्यात, झोपडी शाकारलीय, आत विस्तव धगधगतोय. मग तो पर्जन्यदेवाला सांगतो, की आता तुला हवा तेवढा पड, माझी काही हरकत नाही. तिथेच काठावर बुद्ध एका रात्रीपुरते उतरलेले असतात. ते धनियाच्या प्रत्येक फुशारकीला उत्तर देतात. त्यांची झोपडी उघडी आहे, विस्तव विझलेला आहे, म्हणून तेही पावसाला म्हणू शकतात, की खुशाल पड. धनिय बायकोचं कौतुक सांगतो, ते आपल्या मनाचं सांगतात. गुरं, नवी दावी, गुणी मुलं, स्वतःची कमाई, अशी धनियाची यादी वाढत जाते आणि समोरून उत्तरं येत राहतात. शेवटी पाऊस कोसळतो, सखल-उंच सगळं पाण्याने भरून जातं, आणि धनिय बायकोसकट बुद्धाला शरण जातो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, नाशिकला शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पालीकडे वळले आणि धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेला सुत्तनिपात त्यांचा रोजच्या वाचनातला झाला. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे अमेरिकेत बफेलोला आले. इथे ऑक्टोबर लागला, की मी गॅरेजमधून शिडी, फटी बुजवायच्या पेस्टची पिचकारी, फोमच्या पट्ट्या, खिडक्यांना लावायचं प्लास्टिक असं सगळं बाहेर काढते. अण्णा खुर्चीतून वर न बघता म्हणतात, "आले, धनियशेठ आले."

थट्टाच ती. पण तिच्या पोटात प्रश्न आहे, आणि माझं पोटच त्याच्यावर चालतं. कारण माझा धंदाच हा. लोकांच्या घरी जायचं, थंडी कुठून शिरते ते शोधायचं, आणि काय बुजवायचं, कुठे किती इन्सुलेशन घालायचं ते सांगायचं. बरीचशी घरं सरकारी योजनेतली असतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं थंडीसाठी सज्ज करून देण्याची ही केंद्राची योजना तेलाच्या टंचाईनंतर, १९७६ च्या कायद्याने आली. तेव्हा वादळाची तयारी करणारा माणूस नक्की कशावर विश्वास ठेवतो आणि कशावर ठेवत नाही, याचा विचार मला करावाच लागतो. माळ्यावर काचेच्या लोकरीत पालथं पडून दुसरं करण्यासारखं फारसं नसतंही.

मी मूळची राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे बर्फ नव्हता, पण आगोट होती. मे महिन्याच्या शेवटी घराला जी घाई सुटते ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगायला नको. गडी छपरावर चढून कौलं परतायचे, फुटकी काढून नवी घालायचे. पडवीला पश्चिमेकडून झावळ्यांची झड बांधली जायची. फाटी आणि शेणी कोरड्यात रचून व्हायच्या. मीठ, आमसुलं, कुळीथ, मिरच्या, फणसाची साटं, पापड, ज्यांच्यात चालते त्यांच्याकडे सुकी मासळी. एकदा मिरग लागला, की ओढ्यापलीकडचं दुकानही परदेश. ही बेगमी करताना देवावरचा विश्वास कमी पडला असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. उलट सगळं झाल्यावर राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं जायचं. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. पाऊस वेळेवर पडू दे, गुरावासरांना, पोराबाळांना सांभाळ, कुणी चुकला असेल तर पोटात घे.

धनियाची आणि आमची तयारी तंतोतंत एक. छप्पर, विस्तव, धान्य, गुरं. फरक आहे तो वर बघून काय बोललं जातं त्याचा. धनिय पावसाला परवानगी देतो. आम्ही कौलं परतून झाल्यावरसुद्धा विनवणी करायचो. मला वाटतं, बुद्धांनी बोट ठेवलं ते शाकारण्यावर नाही, त्या परवानगीवर. अण्णांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, गाऱ्हाणं हीसुद्धा दुसऱ्या प्रकारची बेगमीच, नारळाच्या भावात घेतलेली. असेलही. भक्तांचा योगक्षेम देव वाहतो हे गीतेतलं आश्वासन आपल्या एलआयसीने बोधवाक्य म्हणून घेतलंच आहे. हप्ता मात्र आपण भरायचा.

मी ते सुत्त माझ्या धंद्याच्या नजरेने पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मी अण्णांना अगदी उत्साहाने सांगायला गेले. पाऊस आला, जमीन भरली, धनिय शरण गेला. पण त्याचं छप्पर गळलं असं सुत्तात कुठेही नाही. विस्तव विझला नाही, गुरं वाहून गेली नाहीत, दावी तुटली नाहीत. आपल्या कीर्तनातल्या गोष्टींची सवय असलेल्या माणसाला वाटतं, आता गर्वाचं घर खाली होणार. तसं काही होत नाही. काम चोख होतं. ते चोख ठरत असतानाच माणूस नमला. तयारी फसली म्हणून देव आठवला ही गोष्ट फार सोपी आहे, रोज घडते, आणि पाऊस ओसरला की विसरली जाते. इथे तसं नाही. अण्णा यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे बरं वाचलंस." मग लगेच, "पण त्याने काम केलं असं तू म्हणतेस, त्यातलं भात शिजवणं त्याच्या बायकोचं असणार." ते मी म्हणायच्या आत त्यांनीच म्हटलं, म्हणून मुद्दा त्यांच्या खात्यात.

कोसंबींविषयी मात्र आमचं भांडण मिटलेलं नाही. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. १८९९ मध्ये ज्ञानाच्या ओढीने घर सोडून निघाला तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. पुढे भिक्षू झाले, पाली शिकले, १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथावर काम करू लागले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, त्यांचा त्याग खोटा होता असं मला म्हणायचं नाही. पण मी बाई आहे आणि माझ्या डोक्यात येतो तो जूनचा प्रश्न. त्यांनी घर सोडल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याआधी त्या घराची कौलं कुणी परतली? आणि मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात विसुद्धिमग्गाची पानं लावताना खोलीची शेगडी कुणाच्या कोळशावर पेटत होती? उघडी झोपडी आणि विझलेला विस्तव घेऊन मही नदीच्या काठी रात्र काढता येते. आमच्याकडे जानेवारीत तसं केलं तर सकाळी शववाहिनी बोलवावी लागेल. विरक्तीलाही हवामान लागतं.

बुद्धांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावं हा वर्षावासाचा नियम त्यांनीच घातला, कारण भर पावसात हिंडणारे भिक्षू कोवळं गवत आणि जीवजंतू तुडवतात अशी लोकांची तक्रार होती. आणि एका जागी राहायचं तर छप्पर आलं. जेतवन अनाथपिंडिकाने दिलं, म्हणजे एका गृहस्थानेच. उघड्या झोपडीच्या मागे कुठेतरी एक शाकारलेली झोपडी असते.

आता इथल्या थंडीबद्दल सांगते, नाहीतर हे सगळं बसल्याबसल्या चाललेलं तत्त्वज्ञान वाटेल. बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. पाच महासरोवरांमधलं हे सगळ्यांत उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, आणि लांबी जवळजवळ ३९० किलोमीटर, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि वरून कॅनडाची गार हवा येते. ती सरोवराच्या लांबीवरून वाहत येता येता बाष्प पिते आणि काठावर पोचली की बर्फ ओतते. एका पट्ट्यात ओतते, बाजूला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त, काही ठिकाणी सात फुटांच्या आसपास बर्फ पडला. थोड्याच मैलांवर उत्तरेला जेमतेम काही इंच. आमच्या अंगणात ऊन होतं आणि दक्षिणेला क्षितिजावर पांढरी भिंत उभी होती. पुण्यवान-पापी असा हिशेब मांडणाऱ्याने ती भिंत एकदा बघावी.

तयारीलाही आपला अभिमान असतो, आणि इथल्या हवेने तो वेळोवेळी उतरवला आहे. १९७७ च्या जानेवारीत लोक निर्धास्त होते, कारण सरोवर गोठलेलं होतं, आणि गोठलेलं सरोवर बर्फ बनवत नाही. ते खरंच होतं. पण गोठलेल्या सरोवरावर आठवडेच्या आठवडे साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला. ऑक्टोबर २००६ मध्ये वादळ इतकं लवकर आलं, की झाडांची पानं अजून गळायची होती. पानांवर ओला बर्फ साचला, फांद्या कडाकडा मोडून तारांवर पडल्या आणि लाखो लोक अंधारात गेले. प्रत्येक वेळी आपण मागच्या वादळाची तयारी करून बसलेले असतो.

तरी तयारी करायचीच. काय करायचं त्याची यादी इथे शाळकरी पोरंही सांगतील. बाहेरच्या नळाची रबरी नळी काढायची, फर्नेसचं फिल्टर बदलायचं, खिडकीला प्लास्टिक ताणून केस वाळवायच्या यंत्राने ते तडतडीत करायचं. आमच्याकडे एक वाढीव काम म्हणजे तुळस. पहिल्या दवगोठीच्या आत ती कुंडीसकट घरात आणायची, नाहीतर एका रात्रीत काळी पडते. तिचं लग्न जेवणघरातल्या खिडकीत लागतं. पाण्याच्या पाइपांचं मात्र जरा समजावून सांगावं लागतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, पण पाइप बहुधा फुटतो तो बर्फाच्या जागी नाही. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडलं जातं त्याचा दाब असह्य होतो आणि पाइप तिथे उकलतो. म्हणून कडाक्याच्या रात्री, बाहेर उणे सातच्या खाली जाणार असेल तेव्हा, बाहेरच्या भिंतीतून आलेल्या नळाची बारीक धार सोडून ठेवायची आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे खोलीची ऊब आत जाते. कोंडलेल्याला वाट दिली, की झालं.

माझं मुख्य काम याच्याही आधीचं. घराच्या दारात कापडाची चौकट बसवून त्यात मोठा पंखा लावायचा आणि घरातली हवा बाहेर ओढायची. आतला दाब ५० पास्कलने खाली आणला, की बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. मग घरभर हिंडून ती फट शोधायची. त्यासाठी धुराची कांडी मिळते. मी उदबत्ती वापरते. स्वस्त पडते, धूर बारीक आणि सरळ असतो, आणि फट आली की तो एकदम आडवा होतो. कोपरे, विजेच्या खोक्यांच्या कडा, माळ्याचं झाकण, चिमणीच्या भोवतालची पोकळी, हातात उदबत्ती घेऊन मी अशी फिरत असते. एका म्हातारबाबांनी मला विचारलं होतं, की हा तुमच्या धर्माचा विधी का? मी म्हटलं, तुमच्या गॅसच्या बिलाचा. बफेलोत शंभर-शंभर वर्षांची लाकडी घरं ढिगाने आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींच्या पोकळ्या तळघरापासून माळ्यापर्यंत सलग मोकळ्या असतात. गरम हवा त्यातून वर सटकते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. घरमालक खिडक्यांना दोष देत बसतो आणि घर आपलं भिंतींच्या आतून धावत असतं.

या कामात एक नियम आम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावतात. फटी बुजवायच्या आधी आणि बुजवून झाल्यावर, घरातल्या विस्तवाची तपासणी करायची. फर्नेस, पाणी तापवायची टाकी, जे काही जळतं ते. कारण घर फार घट्ट झालं तर जुन्या चिमणीतून धूर वर जाण्याऐवजी उलटा घरात येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. वादळात तर आणखी एक. नव्या फर्नेसचे धूर सोडायचे पांढरे पाइप भिंतीतून गुडघाभर उंचीवर बाहेर निघतात. वाऱ्याने रचलेल्या ढिगात ते गाडले गेले, की तीच गत. म्हणून भर वादळातही कुणालातरी फावडं घेऊन बाहेर जाऊन ते मोकळे करावे लागतात. बाहेरच्या थंडीपासून शंभर टक्के बंद केलेलं घर आतल्याच विस्तवाने माणसं मारतं.

सुत्तात दोनच झोपड्या आहेत. एक शाकारलेली आणि विस्तव पेटलेली, दुसरी उघडी आणि विस्तव विझलेली. पण शाकारलेल्या झोपडीत विस्तव पेटवायचा तर कुठेतरी धुराला वाट ठेवावीच लागते, आणि ती धनियानेही ठेवली असणारच. त्याने ती यादीत सांगितली नाही एवढंच. आपण गृहस्थ लोक फुशारकी मारताना भिंती मोजतो, झरोका सांगत नाही.

२०२२ च्या नाताळातलं वादळ. २३ डिसेंबरला सकाळी वारा फिरला आणि नंतर ३७ तास हातभर पुढचं दिसेना. विमानतळावर चार फुटांहून जास्त बर्फ मोजला गेला. अंदाज आधी दोन-तीन दिवस अचूक सांगितला जात होता, तरी एकट्या ईरी काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी रस्त्यावर, कुणी गार पडलेल्या घरात, कुणी न येऊ शकलेल्या ॲम्ब्युलन्सची वाट बघत. अग्निशमनाच्या गाड्याच बर्फात रुतलेल्या होत्या. शहराच्या पूर्व भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीला हा फटका जास्त बसला. त्या भागातली घरं मला आतून ठाऊक आहेत. तिथल्या लोकांनी बेगमी केली नव्हती असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याने नाताळच्या तोंडावर दहा दिवसांचं सामान कशात भरून ठेवायचं? गाड्या चालवायला बंदी करण्याचा हुकूम निघाला तेव्हा पुष्कळ माणसं कामावर पोचलेली होती.

आमचं घर माझ्या हाताखालचं. माळ्यावर दीड फूट सेल्युलोज, भिंती भरलेल्या, एक फट शिल्लक नाही. वीज गेली आणि गॅस असूनही फर्नेस बंद पडलं, कारण त्यातला पंखा विजेवर चालतो. घर चांगलं असल्यामुळे ऊब हळूहळू गेली, हे खरं. पण गेली. खोबरेल तर इथे ऑक्टोबरातच थिजतं, त्या रात्री देवघरातल्या समईतलं गोडेतेलही दाट झालं. धनियाची एक ओळ तेव्हा मला फार खुपली. आपण आपल्याच कमाईवर जगतो, असं तो म्हणतो. मला गरम ठेवण्याचं काम तारेवर चढलेला कुणी माणूस करणार होता, आणि त्याला तिथे पोचवायला रस्ता फोडणारा दुसरा कुणी. दोघांची घरं कुठेतरी गार पडलेली असतील. फुशारकीचा राग येऊन आकाश कोसळेल ही भीती मला कधी वाटली नाही. पण स्वतःच्या छपरावर जगतो असं म्हणणं हे धडधडीत खोटं आहे, आणि हिमवादळात ते उघडं पडतं.

त्या दिवसांतल्या दोन हकिकती इथे सगळ्यांना माहीत आहेत. एका उपनगरात कोरियन पर्यटकांची गाडी रुतली. त्यांनी जवळच्या घराचं दार वाजवलं, फावडं मागायला. घरातल्या जोडप्याने त्यांना आत घेतलं. चालकासकट दहा माणसं, दोन रात्री. वादळात अडकून पडणार म्हणून त्यांनी फ्रिज गच्च भरून ठेवला होता, आणि त्यांना कोरियन स्वयंपाकाची आवड असल्याने किमचीपासून तिखटाच्या पेस्टपर्यंत सगळं घरात होतं. पाहुण्यांनीच रांधलं म्हणे. दुसरी हकिकत एका माणसाची. तो स्वतः रस्त्यावर अडकला होता. दारं वाजवून कुणी घेईना, तेव्हा त्याने एका शाळेची काच फोडली आणि आसपासच्या गाड्यांमधून वीस-पंचवीस माणसांना आत नेलं. जाताना चिठ्ठी ठेवली, की काच फोडल्याबद्दल माफ करा. पोलिसांनी नंतर त्याला शोधून काढलं ते आभार मानायला. बेगमी कुणाची आणि ती कुणाच्या कामी येणार, हे बेगमी करताना ठरवता येत नाही असं पहिली हकिकत सांगते. दुसरीत तर दार बंद ठेवणारी माणसंही आहेत, आणि त्यांनाही मी वाईट म्हणणार नाही. रात्र, वादळ, अनोळखी माणूस. मी उघडलं असतं का? आपण सगळेच मनातल्या मनात उघडतो.

आल्प्सवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंनी चालवलेली धर्मशाळा आहे. घर सोडलेली माणसं लाकूड, चीज, पीठ साठवून हिमवादळाची वाट बघतात, वाटसरूंसाठी. बुद्ध-धनियाच्या त्या संवादात या तिसऱ्या झोपडीला जागा असती तर मला बरं वाटलं असतं.

पण या प्रश्नावर मला सगळ्यांत नेमकं बोलताना ऐकलंय ते पूर्व भागातल्या एका आजींना. वय ऐंशीच्या पुढे, चर्चमध्ये गाणाऱ्या. मी त्यांच्या पुढच्या दाराला पट्ट्या लावत होते आणि त्या खुर्ची ओढून बसून बघत होत्या. मी सहज विचारलं, देवावर सगळं सोपवणाऱ्या माणसाला हे पटतं का? त्यांनी नोआची गोष्ट काढली. तारू आतून-बाहेरून राळेने माखायला देवानेच सांगितलं होतं, म्हणाल्या, म्हणजे फटी बुजवणं हे देवाचं काम आहे, तू चालू ठेव. मी हसले. मग त्या म्हणाल्या, की पण पुढचं वाच. सगळे आत गेल्यावर तारवाचं दार नोआने लावलेलं नाही. ते देवाने लावलं. कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवायचा अधिकार नोआला नव्हता, आणि मला तर त्याहून नाही. त्यांच्या घराची किल्ली गल्लीतल्या तीन घरांत आहे. पट्ट्या मात्र त्यांनी तपासून घेतल्या, बोट फिरवून, आणि खालच्या कोपऱ्यातली एक मला परत लावायला लावली.

हे मी घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून आमच्या तळघरात आमच्या गरजेपेक्षा जास्त रजया आहेत, तांदळाचं एक पोतं वेगळं आहे, आणि शेजारच्या दोन घरांत आमची किल्ली. अण्णांनी रजया बघितल्या. म्हणाले, "अगं, म्हणजे धनियाची यादी एका ओळीने वाढली. माझं छप्पर शाकारलंय, विस्तव पेटलाय, आणि शिवाय माझ्या घरात दहा अनोळखी माणसं झोपू शकतात, तेव्हा आता पड बाबा हवा तेवढा. औदार्याचीही फुशारकी मारता येते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सुत्ताच्या शेवटी मोहात पाडणारा मार येऊन सांगतो, की ज्याला मुलं आहेत त्याला मुलांचं सुख, आणि बुद्ध म्हणतात, त्याला मुलांचंच दुःख. रजयांचंही तेच असणार. मी फक्त एवढंच म्हटलं, "अण्णा, असेल तुमचं खरं. पण आज रात्री उणे अठरा सांगितलंय. स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडलाय, तो तेवढा बंद करू नका."

रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर नळ गच्च बंद. सिंकखालचं कपाटही नीट लावलेलं. सकाळी विचारलं तर म्हणाले, "पाणी वाया जात होतं गं. नाशिकला उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभा राहिलोय मी." आता धारेखाली पातेलं ठेवायचं आणि ते पाणी सकाळी तुळशीला घालायचं, असं ठरलंय. पातेलं रात्रीतून दोनदा भरतं. दुसऱ्यांदा उठायचं काम अण्णांकडे आहे.